बोटावरचं लिंबू

रत्नागिरी, वैशाख वद्य षष्ठी, शके १८५४

डाव्या हाताच्या बोटावर लिंबू आहे, म्हणून आज चक्क दिवेलागणीला लिहायला बसले आहे.

आठवडाभर आमसुलांसाठी रातांबे फोडते आहे. त्या आंबट रसाने नखांच्या कडा सोलवटल्या. एक साल लोंबत होतं, ते दातांनी ओढलं. का ओढलं? कात्री समोरच होती. झालं, नखुरडं! बोट लाल, टम्म. रात्रभर ठणक्याने डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी सासूबाई चिडल्या. "निजताना बोटांना खोबरेल चोळ म्हणून किती वेळा सांगितलं गो? परसात एवढे माड, आणि हात हे असे!" मग लिंबाला भोक पाडून, हळद-मीठ भरून टोपीसारखं बोटावर चढवलं. आधी झोंबलं. पण मग रातांबे नाहीत, विळी नाही, भांडी नाहीत. मागल्या पडवीत नुसती बसून होते. पाठ किती दुखते आहे, ते बसल्यावर कळलं.

दुपारीच ठणका थांबला. कोणाला सांगितलं नाही. हे पाप का?

मघाशी मामंजींनी ओटीवरून विचारलं, "सूनबाईचं बोट कसं आहे? उद्या रातांबे..." सासूबाईंनी लिंबू काढलं. सूज उतरलेली त्यांना स्वच्छ दिसली. माझ्याकडे पाहिलं. लिंबू पुन्हा बोटावर सरकवलं आणि ओरडून म्हणाल्या, "छे, अजून दोन दिवस तरी नाही हो जमायचं!"

म्हणजे उद्याचे रातांबे त्याच फोडणार. त्यांची नखं तर कधीचीच काळी पडलेली. त्यांच्या बोटावर लिंबू मी एकदाही पाहिलेलं नाही.