हयातीचे फोटो

३ नोव्हेंबर, सौंदड
वर्ध्याहून निघताना आईने डबा, पांघरूण आणि शंभर सूचना दिल्या. त्यातली एकही लागली नाही, इतकं गाव चांगलं आहे. स्टेशनाजवळच ओमेश्वरभाऊंचं सेवा केंद्र. मालक हौशी, माझ्यासाठी कोरा लॅपटॉप आणलाय, खोक्याची चिकटपट्टीही मीच फाडली. काम पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांच्या हयातीच्या दाखल्यांचं. माणूस जिवंत आहे हे वर्षातून एकदा अंगठा देऊन सिद्ध करायचं. भाताची रोवणी करून झिजलेले अंगठे मशीनला कळत नाहीत, म्हणून मी प्रत्येकाचा फोटोही ठेवते. शिवलालजींनी विचारलं, अंगठा येऊन नाही राहिला तं मी मेलो का वो बाई? सगळा बाक हसला. सर्वांत आधी चाचणी म्हणून मी माझाच फोटो टाकला होता, नव्या मशीनवर नेहमी टाकते तसा. चंचल, वय सव्वीस. पेन्शनीला जरा लवकरच.

७ नोव्हेंबर
लॅपटॉपमधून टक्‌ टक्‌ येतं, कुणी काठी टेकत चालल्यासारखं. शिवलालजींचा फोटो उघडला तर खालून गळ्यापर्यंत राखाडी पट्टा. नवी हार्ड डिस्कही कधीकधी खराब निघते. तपासणीचं सॉफ्टवेअर लावलं, चार तास चाललं. निकाल: डिस्क उत्तम, एकही जागा खराब नाही. माझं डोकंच फिरलं. दुपारी त्यांची सून भूमेश्वरी सांगून गेली की बाबांचा आवाज गेलाय, सकाळपासून एक शब्द नाही.

१० नोव्हेंबर
पट्टा शिवलालजींच्या डोळ्यांवर पोचला. भूमेश्वरी म्हणाली, त्यांना दिसेनासं झालं.

११ नोव्हेंबर
फोटो पूर्ण राखाडी. शिवलालजी सकाळी गेले.
जमुनाबाईंच्या फोटोतही पट्टा आहे, छातीपर्यंत. आज बाकावर बसून सारख्या खोकत होत्या. पेन ड्राइव्हवर प्रत घेतली, प्रतीतही तेवढाच पट्टा. पुन्हा तपासलं. डिस्क उत्तम. मला भीती वाटते आहे. भाऊ म्हणाले, काऊन घाबरून राहिली, डिस्क बदलून आणतो.

१३ नोव्हेंबर
जमुनाबाई गेल्या.
मग माझा फोटो उघडला. पट्टा गळ्याशी आहे.

१४ नोव्हेंबर
आवाज गेला. भाऊंना वाटतं सर्दी झाली.
दुकानदार डिस्क बदलून देणार, पण आधी आतलं सगळं पुसून द्या म्हणतो. फॉरमॅट. आत चाळीस माणसं आहेत — मी कागदावर लिहून दाखवलं. भाऊ हसले. फोटो पुन्हा काढून टाकू म्हणाले, सगळे इथंच तं बसून आहेत. खरंच सगळ्यांना बोलावलंय त्यांनी, बाक भरलाय —

लॅपटॉप ओढला. त्यांनी सोडला नाही. बटण दाबलंच त्यांनी —

दहा टक्के —

टक्‌. लॅपटॉप नव्हे. बाकाकडून. बकारामबुवांची काठी फरशीवर पडली —

टक्‌. वच्छलाबाईंची —

भाऊ स्क्रीनकडेच बघताहेत. मागे वळा. मागे —

टक्‌ —

अक्षरं दिसत ना