‘कृष्णपक्ष’ म्हणजे मी

१२ जानेवारी १९५५, रोहणा
प्रयोगकथा परत आली. सातवी. या खेपेला संपादकांची चिठ्ठी जरा लांब. ‘भाषा चांगली आहे. पण वाचकाला गोष्ट हवी. भुताखेतांचं लिहाल का? दर महिन्याला पानं देतो. टोपणनाव घ्या, म्हणजे तुम्हाला संकोच नको.’
नागपुरात बीए करताना याच मासिकाला आम्ही हसायचो. आता चौथीच्या पोरांना भागाकार शिकवतो.
नाही लिहिणार.

१९ जानेवारी
भूत सुचत नाही. म्हणजे आठवडाभर तेच शोधत होतो.
दुपारी नाल्याकडे गेलो तर तिथं वहिनी. बालवाडी सुटली की जाते वाटतं. केस मोकळे, पाय पाण्यात, आणि दादाशी बोलत होती. दादा जाऊन चार वर्षं झाली. बोलायची, थांबायची, मान हलवायची, जसं काही तिकडून उत्तर येऊन राह्यलं. मी बाभळीच्या आड. खोकलो असतो तर बरं झालं असतं.
घरी येऊन एका बैठकीत अकरा पानं.

२१ जानेवारी
‘नाल्यावरची बाई’. भर दुपारी दिसते. पोरांना फुटाणे देते, खाणारं पोर महिन्यात सुकत जातं. फुटाणेही वहिनीचेच, बालवाडीत रोज मूठ मूठ वाटते. गाव खोटं टाकलं, सोनापूर. कोण ओळखणार.
नाव: कृष्णपक्ष. बरं वाटतं लिहून पाहायला. पाठवली.

४ फेब्रुवारी
अंक आला. माझ्याआधी नामदेव शिंप्याकडे. त्याच्या ओसरीवर दिवेलागणीआधी माणसं जमतात, तो मशीन थांबवून वाचून दाखवतो. वाचता येणारे गावात थोडे, आणि तो वाचतो झकास.
आज माझी गोष्ट. पण सोनापूर कुठंच नाही. ‘आपल्या रोहण्यात, आपल्याच नाल्यावर...’ पाटलाचं शेत, मारुतीचा पार, सगळं घातलं त्यानं.
नंतर विचारलं, काऊन बदललं?
‘बाहेरगावच्या भुताले कोन भेते, मास्तर? मी नेहमीच टाकतो गावाचं नाव. नाईतर लोक उठून जातात.’
तीस-चाळीस माणसं होती. खोकलं नाही कुणी. तेव्हाच म्हणायचं होतं, बाबा, असं वाचू नको. म्हटलं नाही. सात गोष्टी लिहिल्या, एकीलाही असं कोणी ऐकलं नव्हतं. घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. इथं खोटं लिहून काय उपयोग.

११ फेब्रुवारी
वहिनी म्हणाली, ‘पोरं फुटाने घेऊनच नाई राह्यले. हात मागं करतात. दात दुखतात का काय, एकदम साऱ्याइचे?’
मी जेवत होतो. जेवत राहिलो.

१७ फेब्रुवारी
बालवाडीतल्या सुमीला, रखमाच्या पोरीला, गोवर. गावात आणखी चौघांना आहे, त्यातले दोघे कधी बालवाडीत गेले नाहीत. पण चर्चा सुमीची. नाल्यावर मोकळ्या केसांची बाई पाहिलेले आता पाच जण आहेत. ती कोण हे सगळ्यांना माहीत. नाव कोणी घेत नाही.
बालवाडीत अठरा पोरं होती. आज नऊ.
दादा गेल्यावर वहिनी दोन वर्षं स्वयंपाकघराबाहेर आली नव्हती. मग वर्ध्याला सहा महिने शिकली, भजनाची खोली मागून घेतली, स्वतः सारवली. आईचा विरोध होता. तेव्हा मीच भांडलो होतो आईशी. मीच.

१९ फेब्रुवारी
नामदेवला सांगून टाकलं. गोष्ट माझी आहे, मी कृष्णपक्ष, सारं मनातलं रचलेलं.
ओसरी हसली. नामदेव म्हणाला,
‘मास्तर, तुमीच देलेली तुमची एक गोष्ट वाचली न म्या. बैल कोनता न मालक कोनता, शेवटपर्यंत नाई समजलं.’
दुसरा म्हणाला, ‘कृष्णपक्ष नागपूरचा वकील हाय. त्यानं सोताच्या डोयानं पाह्यलं म्हनते.’
संपादकांचं पत्र दाखवलं. त्यात कृष्णपक्ष नाव नाहीच, नाव मी नंतर घेतलं. नामदेवनं पत्र वाचलं, घडी करून परत दिलं. ‘वहिनीसाठी करून राह्यले तुमी, समजते मले. चांगलं मन हाय तुमचं.’
पत्र खिशात घातलं, निघालो.

२६ फेब्रुवारी
दुसरी गोष्ट गेल्या आठवड्यातच पाठवली होती. त्यात नाल्यावरची बाई जिवंत निघते. साधी विधवा, नवऱ्याची आठवण काढत बसणारी. गाव ओशाळतं. संपादकांना कसंबसं पटवलं. म्हणतात एप्रिलच्या अंकात. मार्च कसा काढायचा.

९ मार्च
सुमी बरी झाली. मला वाटलं, सुटलो. पण रखमानं आर्वीच्या रस्त्यावरच्या एका देवऋषीकडून ताईत आणलाय, आता ताइतानं पोरगी वाचली.
बालवाडी: चार.

२० मार्च
वहिनीनं अंक मिळवला कुठून तरी. चुलीपाशी बसून वाचत होती. मी दारात. वर न पाहता तिनं एक ओळ मोठ्यानं वाचली. बाई रिकाम्या जागेला म्हणते, ‘आज भाजीत मीठ जास्त पडलं, तुम्ही असते तर बोलले असते.’
मग म्हणाली, ‘भाऊजी, मिठाचं मी फक्त त्याइलेच सांगितलं होतं.’
एवढंच. भाकर टाकली ताटात. आईनं विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही, अंक जुना आहे.

२७ मार्च
नाल्यावर जाणं तिनं बंद केलं. दादाशी कुठं बोलते आता? बोलत असेल का? हे मी विचारू शकत नाही. हे मी लिहू शकतो, हीच तर घाण आहे.

५ एप्रिल
एप्रिलचा अंक. नामदेवनं वाचला. बाई जिवंत निघाली, गाव ओशाळलं, इथपर्यंत माझं. पुढं त्याचं: गावकरी परत फिरतात, मागं वळून पाहतात तर तिचे पाय उलटे.
‘शेवट फसला होता गा त्याचा,’ नामदेव म्हणाला. ‘जमवला मी.’

६ एप्रिल
आज अंक मागून घेतला आणि मीच वाचला, छापलाय तसा. दोन पानं झाली असतील. म्हातारा गोविंदा उठला, मग त्याच्या मागं चार. नामदेवनं हळूच अंक घेतला माझ्या हातातून. ‘लिहितं कोनीबी मास्तर, वाचाले लागते.’ चिडून नाही बोलला.
संपादकांचं पत्र: नाल्यावरच्या बाईची मालिका करा.

११ एप्रिल
आज बालवाडीत कोणीच नव्हतं.
वहिनीला म्हटलं, मी संपादकांना लिहितो, माझं खरं नाव छापा म्हणून, सगळं सांगतो त्यात.
‘मंग नामदेवभाऊ वाचतील तेही,’ ती म्हणाली.
थोड्या वेळानं: ‘लिहा. पण मले आधी वाचून दाखवजा. मी म्हनीन ते खोडजा.’
रागानं म्हणाली की नुसतंच, कळलं नाही. चार ओळी लिहिल्या. तिनं तीन खोडायला लावल्या. एक राहिली: ‘ही बाई माझी वहिनी आहे.’ तीही राहू द्यायची का, सांगितलं नाही.

१२ एप्रिल
सकाळची शाळा. खिडकीतून भजनाची खोली दिसते. वहिनीनं झाडलं, सतरंजी अंथरली, दार उघडं टाकून आत बसली. रोजच्यासारखं.
आठच्या सुमारास रखमा आली, सुमीचा हात धरून. पारापाशी थांबली. दंडावर ताईत दिसत होता पोरीच्या. वहिनी उठली नाही, हाक मारली नाही. रखमा पुढं येईना, परतही जाईना. सुमी हात ओढून राह्यली होती, कुठल्या बाजूला ते मला इथून नीट दिसत नव्हतं.
घंटा झाली. फळ्याकडे वळावं लागलं.