एकोणसाठ गुणांची इमोजेन

परीक्षा मंडळाचे अध्यक्ष डॉ. पेनरोज यांना,

माझ्या नातीला, इमोजेनला, एकोणसाठ गुण मिळाले. साठ गुणांना दुसऱ्या वर्गातली वरची श्रेणी मिळते. तिला खालची मिळाली आणि संशोधनाची जागा गेली. फोनवर तुम्ही म्हणालात, "बाई, मंडळापुढे नावं नसतात, नुसते क्रमांक. अडचण होती तर मुदतीत अर्ज करायचा." कधी करणार? आजारी आईला भरवताना? मार्चमध्ये त्या आईच्या अंत्यविधीला तुम्हीच आला होतात. इमोजेनने केलेले सँडविच खाऊन म्हणालात, "खंबीर आहे हो पोरगी!" आमच्या शाळेतल्या नन्स छडीसुद्धा नाव घेऊन मारत.

इमोजेन म्हणते, "आजी, पत्र टाकू नकोस. आईच्या मरणावर गुण मागायचे नाहीत मला." म्हणून टाकत नाही. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते.

तुमच्याविषयी आदर न उरलेली,
विनिफ्रेड एटकिन