‘कै.’च्या दोन मात्रा

आचरा, २२ सप्टेंबर २००५

आबा, आठ वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, याची आधी माफी मागतो. डायरी रोज लिहितो. तीत पाऊस असतो, वीज कधी गेली नि कधी आली ते असतं, पण तुमच्याशी बोलायचं म्हटलं की पेन अडतं. आज मात्र अडून चालणार नाही, कारण कालपर्यंत आठवडाभर तुमच्यामुळे आपल्या स्टुडिओतला कॉम्प्युटर बंद पडत होता. ‘तुमच्यामुळे’ हे माझं मत नाही, आईचं आहे. माझं मत काय, ते ठरवण्यासाठीच बहुधा लिहायला बसलो.

चार दिवसांनी पितृपक्षातला तुमचा म्हाळ. तुम्ही साऱ्या गावाची तोंडं टिपलीत, पण तुमचा स्वतःचा एकही फोटो घरात नाही. म्हणून दर म्हाळाला आम्ही पाटावर तुमचा जुना पेटीकॅमेरा ठेवतो आणि त्याला हार घालतो. पहिल्या वर्षी भटजी दचकले होते. आता सवयीने गंधही लावतात, भिंगाच्या बरोबर मधोमध, आणि ते पुसायला मला अर्धा दिवस लागतो. मागच्या वर्षी पानं वाढताना काकी म्हणाली, “गो वैनी, भावोजींका वाडलंस तां बरां केलंस, पण जेवन झाल्यार ते आमचो फोटो काढतले मां?” सगळे हसले. आई हसली नाही. यंदा गणपती गेल्यावर तिने मला सांगून टाकलं, “ह्या वर्सा माका तेंचा तोंड बघूचा आसा. कॅमेरो नको.”

तोंड एकाच ठिकाणी होतं. मी दहा वर्षांचा असताना तुम्ही मला स्टुलावर उभं करून बटण कधी दाबायचं ते शिकवत होतात, आणि मी ते न सांगता दाबलं, ती निगेटिव्ह. तुम्ही बोट वर करून “हलू नको!” म्हणताय. आलेल्या प्रत्येक माणसाला तुम्ही हेच म्हणायचात, नवरी असो की फौजदार. फोटोत तुमचं तोंड त्या ‘को’वर गोल उघडं राहिलेलं आहे. निगेटिव्ह वाया घालवली म्हणून त्या दिवशी माझा कान पिळला होतात, पण ती फेकली नव्हतीत. बिस्किटांच्या डब्यात, बटरपेपरात गुंडाळलेली सापडली.

प्रिंट काढली, स्कॅन केली, फोटोच्या प्रोग्रॅममध्ये घालून बुरशीचे ठिपके काढले. दोन दिवस गेले. शेवटी खाली नाव लिहायचं म्हणून ‘कै.’ टाइप करायला घेतलं, तर फोटो गडप आणि पडद्यावर इंग्रजीत एक चौकोन: या प्रोग्रॅमने बेकायदेशीर कृती केली आहे, म्हणून तो बंद करण्यात येत आहे. मशीन जुनं, दुसऱ्याचं वापरलेलं, त्याची भाषाही पोलिसातली. माझे कान तापले. ‘का कोण जाणे’ असं लिहिणार होतो, पण का ते मला ठाऊक आहे. आई दारात तांदूळ निवडत बसली होती.

“काय लिवलां रे तेका?”

“बेकायदेशीर काम केलं म्हणून बंद पडतो, असं लिहिलंय.”

“कोणी केलां?”

“प्रोग्रॅमने.”

“आणि तेका घरात हाडलां कोणी?”

पुन्हा सुरू केला, पुन्हा ‘कै.’, पुन्हा बंद. प्रोग्रॅम काढून दोनदा नव्याने घातला. व्हायरस शोधला. कणकवलीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, “खारी हवा हो तुमच्याकडची. रॅम भायर काढा, खोडरबरान घासा, परत लावा.” मी तुमच्या रिटचिंगच्या पेटीतला खोडरबर काढला. तो दगडासारखा झाला होता, तरी घासलं. कॉम्प्युटर आनंदाने सुरू झाला आणि ‘कै.’वर बंद पडला.

तेव्हा आई सूप बाजूला ठेवून उठली. “ह्यां कावळो शिवना नाय तसांच झालां. तेंचा काय तरी मनात ऱ्हवलां.” तुमच्या दहाव्याला कावळा दोन तास पिंडाला शिवला नव्हता. सगळे हात जोडून काय काय कबूल करून थकले, आणि मी “स्टुडिओ बंद करणार नाही” म्हटल्यावर तो झेपावला. त्या एका कावळ्यापायी मी बँकेची परीक्षा सोडली आणि आज इथे बसलो आहे, हे मी डायरीत अनेकदा लिहिलं आहे. आता आई माझ्या खुर्चीमागे हात जोडून, डोळे गच्च मिटून उभी राहिली. नाव लागल्याशिवाय तोंड बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

“परड्यातलो आंबो तोडूचंव नाय. हां, लिव.”

मी लिहिलं. बंद.

“तुमची सायकल कोणाक देवचंव नाय. लिव.”

बंद.

“काकीवांगडा बोलतलंय,” आई म्हणाली, आणि जरा थांबून, “म्हाळापुरती.” मागच्या वर्षीच्या त्या थट्टेपासून तिचा काकीशी अबोला आहे. हेही चाललं नाही, आणि मला वाटतं त्यात तुमचाही दोष नव्हता.

मी कॉलेजात शिकलेला माणूस, मला हे हसण्यावारी नेता आलं असतं. नेता आलं नाही, त्याचं कारण आता सांगतो. बी.ए.च्या सुट्टीत मी तुमच्या पेन्सिलीने पहिली निगेटिव्ह रिटच केली होती. मासे विकायला येणाऱ्या एका बाईच्या हनुवटीवर व्रण होता. मी तो असा बेमालूम घालवला की स्वतःवरच खूष झालो. ती बाई फोटो घेऊन परत आली आणि टोपली खाली न ठेवताच म्हणाली, “भावानू, ही बाय कोण ती? माका ती वळकना नाय, मी तिका वळकनंय नाय.” तुम्ही दुसरी प्रिंट काढून दिलीत आणि ती गेल्यावर मला एवढंच म्हणालात, “झिला, पेन्सिल डागाक लावूची. माणसाक लावूची नाय.” आणि आता मी काय केलं होतं? भिंतीवरच्या फोटोत माणूस ओरडताना बरा दिसत नाही म्हणून तुमचं तोंड मिटलं होतं. मिटण्यासाठी ओठ हवे होते. माझ्या पासपोर्ट फोटोतले घेतले. आपण दोघे दिसायला सारखे, असं सगळे म्हणतात, त्यामुळे जोड कुठे दिसत नाही.

शेवटी काल दुपारी समोरच्या टायपिंग क्लासच्या बाईंना बोलावलं. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, “तुमी ‘कै.’ सोडून दुसरा काय लिवन बघितलास?” आठवडाभरात मी दुसरं एक अक्षर टाइप केलं नव्हतं. डायरीत इतक्या शंका लिहिणाऱ्या माणसाला ही एक सुचली नाही. बाईंनी तुमचं नाव टाइप केलं. नीट उमटलं. ‘कमळ’ उमटलं. ‘कैरी’ लिहिलं, बंद. ‘मैना’, बंद. ‘पैठणी’, बंद. लग्नसराईआधी मी सीडीवरून जो नवा फॉन्ट घातला होता, त्यात दोन मात्रांचीच खूण बिघडलेली होती. त्या फॉन्टात मी आजवर लग्नाचे अल्बमच लिहिले. तिथे चि. लागतं, सौ. लागतं. कै. लागत नाही.

मी आईला समजावलं की यात आबांचा काही संबंध नाही, कैरी लिहिली तरी तो बंद पडतो.

“पडतलोच,” आई म्हणाली. ती पुन्हा तशीच खुर्चीमागे डोळे मिटून उभी होती. “कैरेन तेंचे दात आंबत. पैठणी तेनी माका जल्मात घेवक नाय. मैनेचा काय तां माका म्हायत नाय.”

बाईंनी तो फॉन्ट काढून आपल्या फ्लॉपीवरचा दुसरा घातला. ‘कै.’ टाइप करायच्या आधी मी मनात म्हटलं, आबा, तोंड तुमचं तुम्हाला परत देतो. आणि ‘कै.’ उमटलं, दोन्ही मात्रांसकट. फॉन्ट बदलला म्हणून उमटलं हे मला कळतं. पण दोन गोष्टी एकाच वेळी केल्या, तेव्हा दुसरीही इथे लिहून ठेवायला हवी.

मग आईने डोळे उघडले. पदराने चष्मा पुसला आणि पडद्याजवळ जाऊन पुष्कळ वेळ बघितलं. कपाळ बघितलं, वर केलेलं बोट बघितलं.

“बोट तेंचाच,” आई म्हणाली. “पण तोंड मिटून बसललो माणूस ह्या घरात कधी नव्हतो. कोणी गप्प केल्यान तेंका?”

“कॉम्प्युटरने,” मी म्हटलं.

आईने माझ्या ओठांकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “हां. बेकायदेशीर तां ह्यांच मां?” म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही, तेव्हा डायरीतच राहील. म्हणून एक गोष्ट खरी लिहून टाकतो. फोटो बरा दिसावा म्हणून मी तुमचं तोंड मिटलं, हे वर लिहिलं ते पुरतं खरं नाही. म्हाळानंतर हा फोटो स्टुडिओच्या भिंतीवर लागणार, आणि ती भिंत माझ्या खुर्चीसमोरच आहे. दिवसभर ते “हलू नको” माझ्याकडे बघत राहील, आणि आठ वर्षांत मी इथून हललो नाही हे मला रोज आठवेल, या भीतीने मिटलं.

उद्याचं काम: आबांचं तोंड उघडणे.