पुसता न येणारी नोंद

प्रिय दादा,

मिस्त्रीकाकांना तू कामावरून काढलंस, तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीस, म्हणून लिहिते. वहिनीकडून निरोप आला, त्याचं उत्तर आधी देऊन टाकते: मागच्या तारखेने नोंद घालायची सोय मी करून देणार नाही. दहादा विचारलंस तरी नाही.

बाबा खाटा, चाकाच्या खुर्च्या, ऑक्सिजनची मशिनं आजारी माणसांच्या घरी भाड्याने द्यायचे, तेव्हा सगळा कारभार एका जाडजूड वहीत असायचा. ते गेल्यावर कुठली खाट कोणाकडे आहे हे फक्त सामानाची ने-आण करणाऱ्या मिस्त्रीकाकांना ठाऊक. चार खुर्च्या तर आपण अजून शोधतोय. म्हणून मी आपल्यापुरता डेटाबेस बनवायला घेतला. खाटा मोजायला कॉम्प्युटर कशाला, म्हणून तू हसलास. आठ महिने गोदामामागच्या खोलीत मान मोडून बसले. मशीन बाहेर गेलं की नोंद, गोदामात परत आलं की नोंद आणि लगेच फिल्टर बदलायची आठवण. मग तूच येईल त्याला कौतुकाने दाखवत सुटलास. एकदा केलेली नोंद कोणालाही पुसता येऊ नये, ही अट तुझीच. ती फक्त कामगारांसाठी होती, हे मला आत्ता कळतंय.

काका मशीन एका घरातून उचलून थेट दुसऱ्या घरी पोचवतात, तेवढाच गोदामाचा फेरा वाचतो. बाबांना हे माहीत होतं, ते फिल्टर काकांच्या पिशवीत घालूनच पाठवायचे. मी काकांना कधी विचारलंच नाही. उलट ऐटीत बजावलं, की आता मनाने काही करायचं नाही, कॉम्प्युटर सांगेल तेव्हाच फिल्टर बदलायचा. ते मशीन तीन घरं फिरलं, गोदामात आलंच नाही, आणि कॉम्प्युटर गप्प बसला. तिसऱ्या घरी फिल्टर तुंबला आणि शाळेतून निवृत्त झालेल्या त्या बाईंचा जीव गुदमरला, दवाखान्यात हलवावं लागलं. आता बऱ्या आहेत.

आणि तू त्यांच्या मुलाला काय सांगितलंस, तर मिस्त्री विसरला. वर मला म्हणतोस, फिल्टर काकांकडे दिल्याची मागच्या तारखेची खोटी नोंद घाल. माझं नाव वाचावं म्हणून करतोस, हे कळतं रे. पण मला असं वाचायचं नाही.

आज सकाळी मी बाईंच्या घरी जाऊन आले. मुलाने दारातच उभं केलं. त्याच्या हातात नोंदींचा कागद दिला आणि चूक माझी आहे, काकांची नाही, असं सांगितलं. तो तक्रार करणार आहे, करू दे. तिथून तडक काकांकडे आले. तू स्वतः बोलवल्याशिवाय ते कामावर पाऊल ठेवणार नाहीत, आणि त्यांच्याशिवाय मीही नाही. हे पत्र त्यांच्याच घरात बसून लिहिते आहे. माफी माग आणि न्यायचं असेल तर आम्हा दोघांना ने.

तुझीच हट्टी,
धाकटी