प्रज्ञाच्या हिरवळीतले काटे

प्रिय सुनंदा,

तू असताना तुला कधी पत्र लिहिलं नाही. लिहायची वेळच कुठं आली? हाक मारली की तू ओ द्यायचीस. आज लिहितोय, कारण पुढच्या रविवारी तुझा पहिला स्मृतिदिन आहे. तुझ्या माहेरची, चाकूरकडची सगळी माणसं येणार, आणि त्यांना दारातून आत कसं घ्यायचं हेच मला सुचेना झालंय.

सकाळी तुझा भाऊ मिलिंद येऊन गेला. मोजायची टेप घेऊनच आला होता. घरापुढची हिरवळ मापून म्हणाला, "दाजी, लई झालं हे खुरपणं. सगळं उकरून टाकू अन् शहाबादी फरशी बसवू. पाहुणे यायच्या आत होतंय."

"अन् प्रज्ञानं कुठं बसायचं?"

"फरशीवरच. चटई टाकून."

खिडकीतून तुझी लेक ओरडली, "मामा, दुपारी त्या फरशीवर आधी तुम्ही बसा. भाकरीसारखं उलथून काढते तुम्हाला!"

मिलिंद हसला. मला हसू आलं नाही. त्याचं तरी काय चुकलं? वर्षभर तो माझी दशा बघतोय.

ही हिरवळ म्हणजे तुझा हट्ट. जन्मापासून पायांत बळ नसलेल्या पोरीला हातांवर सरकत फिरायला मऊ जागा हवी, एवढंच तुझं म्हणणं. मिलिंदच्या बांधावरची हरळी पोत्यात भरून तू एसटीनं आणलीस. कंडक्टर म्हणाला होता, "बाई, लोक हरळी खांदून फेकायलेत अन् तुम्ही लातूरला घेऊन चाललाव?" आणि तू म्हणालीस, "तुमच्या गाडीत ती सीट मागते का?" आठवतं? टंचाईच्या उन्हाळ्यात धुण्याभांड्यांचं पाणी बादलीनं ओतून तू ती जगवलीस. प्रज्ञा तिथं पालथी पडून वाचायची, चिमण्यांशी भांडायची. तेवढंच तिचं अंगण, तेवढंच तिचं गाव.

तू गेलीस त्या पावसाळ्याच्या शेवटी ती एकदम किंचाळली. तळहातात काटा! मला वाटलं, सराटा असेल. पण सराट्याची पानं चिंचेसारखी बारीक, फूल पिवळं. हे निराळंच होतं. जमिनीला चिकटून गोधडीसारखं पसरलेलं. पानं गोलसर, समोरासमोर, जोडीतलं एक मोठं, एक लहान. पानांच्या बेचक्यात कागदासारखे कोरडे, पांढरट बोंडके, आणि काटे त्यांतच. खेड्यात वाढलो, रानात खुरपं धरलं, तरी हे तण माझ्या ओळखीचं नव्हतं.

मुळासकट एक वेल डब्यात घालून मी शेतीशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांकडं नेला. ते म्हणाले, "हे आपल्याकडचं नाही. दक्षिण अमेरिकेतून आलंय. अल्टरनँथेरा या प्रजातीतलं. गाडीच्या टायरला, चपलेच्या तळाला चिकटून फिरतं. तुमच्याकडं एवढ्यात लई माणसं येऊन गेली का?"

घरी आलो आणि बघितलं. गेटच्या आत, डाव्या बाजूला ते सगळ्यात दाट होतं. तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मांडव घातला होता, तेव्हा लोकांनी चपला तिथंच काढल्या होत्या. तुझ्यासाठी रडत आलेल्या माणसांनीच ते आणलं, सुनंदा! कुणाच्या चपलेतून, कुठल्या रस्त्यावरून, आता कसं कळणार? आणि राग तरी कुणावर धरायचा?

दुकानदार म्हणाला, तणनाशक मारा. सर म्हणाले, वेल मरेल, पण पिकून गळालेलं बी मातीत राहील, ते पुन्हा उगवेल. त्यात आपली पोर हात टेकून सरकणारी, तोच हात तोंडाला लावणारी. मला औषध मारवेना. नुसतं उपटावं तर वेल हातात येतो, मूळ खालीच. मग डाळमिलमधल्या कामावरून आलो की एकेक कोपरा भिजवायचा, खुरपं खोल घालून जाड मूळ काढायचं. त्यावरून ओलं घोंगडं फरफटत न्यायचं, म्हणजे गळालेले बोंडके त्याला चिकटतात. ते वेचून जाळायचे. पुढच्या पाण्याला नवी पानं हजर! संध्याकाळी मेणबत्ती लावून बुद्धवंदना घेतो, तर डोळे मिटले की तीच पानं दिसतात.

आणि पोर घरात कोंडलेली. परवा म्हणाली, "पप्पा, बुरशी चढायली मला. लोक लोणच्यालासुद्धा ऊन दाखवतेत."

तू हे सगळं एकटीनं कसं सांभाळलंस गं? कधी कुरकुर का नाही केलीस? केली असतीस तर मी थोडं तरी शिकून ठेवलं असतं!

खिडकीखालचा बाजेएवढा तुकडा आता साफ झालाय. आधी मी स्वतः त्यावर रांगून बघितलं. "पोटावर पण लोळा," आतून हुकूम आला, "मी पोटावरच पडत असते." लोळलो. काटा लागला नाही. मग तिला उचलून आणलं. गवताला गाल लावून ती पडून राहिली. पण कुठल्याही बाजूला सरकायची सोय नाही, चारी अंगांना काटे. तिच्याजवळ बसलो आणि वाटलं, माझं तरी वेगळं काय आहे?

आता रविवारी पुन्हा तेवढ्याच चपला येणार. गेटबाहेर काढायला लावल्या की प्रश्न मिटतो, हे मला कळतं. पण तुझे थोरले काका? लहानपणी गावात सवर्णांच्या दारावरून जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या, हे ते आजही सांगतात. त्या माणसाला माझ्या दारात, भर रस्त्यावर म्हणू, "काका, चपला काढून या"? आणि न म्हणावं तर पोरीचे तळहात. तूच सांग, काय केलं असतंस?

मिलिंद गेल्यावर मी हे प्रज्ञाला बोललो. ती म्हणाली, "काढायला लावूच नका. मला एक जाड सुई द्या. तळातले काटे मी काढते. पाय नसतील, हात तर हायत माझे."

म्हणून तुला शब्द देतो. फरशी बसणार नाही. रविवारी गेटपाशी सावलीत बाकडं टाकीन, शेजारी खुर्चीत प्रज्ञा असेल. येईल त्याला आधी बसवून पाणी देईन. काकांपासून सुरुवात करीन. खाली बसून त्यांच्या चपला मी माझ्या हातांनी उतरवीन, प्रज्ञा तळ बघेल, काटे काढेल, आणि मीच त्या पुन्हा त्यांच्या पायांत घालीन. तुझ्या दारात कुणालाही अनवाणी चालावं लागणार नाही.

तुझाच,
प्रज्ञाचे पप्पा