नळ उघडा, किल्ली खिशात

वैशाख, मंगळवार. दिवेलागण.

चार दिवस हिर्डोशीला लेकीकडं राहून आज परतलो. निघताना नळाला पाणी नव्हतं, त्यामुळं तोटी उघडीच राहिली. मागं पाणी आलं, घर भरलं आणि मधल्या भिंतीखालून शेजारच्या यमुनाबाईंकडं गेलं. पेरायच्या नाचणीला मोड आले त्यांच्या. बाई आवाज ऐकत होत्या, पण दाराला कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात! एवढ्या वर्षांचा शेजार, तरी किल्ली ठेवली नाही. का? घरात असं काय सोनं होतं?

माझं बियाणं नेऊन दिलं. बैल गेला नि झोपा केला. बाई हसल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ, मोडाची उसळ करू! फुडच्या बारीला किल्ली तेवढी ठिवून जावा."

किल्ली तेव्हाही खिशातच होती. काढून देववली नाही.